डोळेवाल्या अळ्या

बाहुलेकाकांनी आयुष्यभर नाटकांसाठी बाहुल्या घडवल्या. राजे घडवले, राक्षस घडवले, एकदा तर नाक गळणारा न्यायाधीशही घडवला. त्यामुळे पुतणीने टोपलीभर मातीच्या अळ्या मागितल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"अळ्या? आणि त्यांची भूमिका काय?"

"पानाला चिकटून बसायचं. पक्षी खऱ्या समजून चोच मारतील. काही अळ्या गार बागेत, काही तापलेल्या रस्त्यावरच्या झाडांवर. उन्हाने पाखरांचं खाणं बदलतं का, ते बघतेय मी."

"म्हणजे पडदा उघडला की मरायचं! एक वाक्यसुद्धा नाही बिचाऱ्यांना."

तरी काकांनी काम घेतलं, आणि ते विज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे. मागच्या खोलीतलं त्यांचं कामाचं टेबल हलवून वहिनींना तिथे वॉशिंग मशीन ठेवायचं होतं.

"भावजी, तुमचं काम बंद, टेबल मात्र चालू," त्या रोज चहाबरोबर ऐकवायच्या.

काकांनी जीव ओतला. मऊ, हिरव्या, कमरेत किंचित मुरडलेल्या अळ्या झाडांवर चढल्या. आठवडा गेला. चोचीची एक खूण नाही! ना बागेत, ना रस्त्यावर.

"पाखरांनीही तोंड फिरवलं," वहिनी म्हणाल्या आणि मोजपट्टी घेऊन मागच्या खोलीत शिरल्या.

पुतणीने एक अळी भिंगाखाली धरली.

"काका, हे काळे ठिपके कसले?"

"डोळे. सुईच्या टोकाने काढलेत. डोळ्यांशिवाय पात्र उभं राहतं का कधी?"

"अहो, ही पाखरांकडे रोखून बघतेय! घाबरली असतील ती."

"घाबरली?" काका खुर्चीतून उठले. "खरंच घाबरली? माझ्या राक्षसाला बघून पहिल्या रांगेतली पोरं पोट धरून हसायची गं!"

"तुमचं कौतुक नंतर. आंधळ्या अळ्या द्या, नाहीतर मी साच्यातून काढून घेते."

साचा! काकांनी लगेच नवा गोळा मळायला घेतला. पण हात ऐकेना. अळी वळली की बोटं सुईकडे जायची. शेवटी त्यांनी सुई वहिनींच्या हवाली केली. वहिनी समोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसल्या.

"भावजी, नखाने करताय. पाहिलं मी."

"भुवई होती ती."

"भुवईही नको."

दुसऱ्या खेपेला बागेतल्या अळ्यांची चाळण झाली. कुणाची मान तुटलेली, कुणाची पाठ फाटलेली. काका एकेक उचलून बघत होते, जणू टाळ्या मोजत होते. मग रस्त्यावरून गोळा केलेल्या अळ्यांचा डबा उघडला. जवळजवळ सगळ्या धडधाकट.

काकांनी आपणहून टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. "पडलो. न्या तुमचं मशीन आत."

"पडलात कुठे?" पुतणी ओरडली. "त्या रस्त्यावर पाखरंच फिरकत नाहीत, इतकं तापतं तिथे. हेच तर बघायचं होतं!"

"म्हणजे नाटक वाईट नव्हतं? थिएटरच रिकामं होतं?"

"हो. आता रस्त्यावर सावलीसाठी कापड बांधणारेय. पाखरं परततात का बघू. त्यासाठी पुन्हा तेवढ्याच अळ्या लागतील, आणि अगदी अशाच."

काकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मशीनसाठी आणलेली मोजपट्टी बाजूला ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि मातीचा गोळा त्यांच्यासमोर आपटला.

"वळा. आणि हात मला दिसतील असे ठेवा."