उतारावरचा दगड

धनाजी गेल्याचा फोन त्याच्या मेहुण्यानं केला. "मदी किती उतार पडला हुता वो..." असं तो म्हणाला आणि त्या 'उतार' शब्दानं माझं डोकं फिरलं. त्या बिचाऱ्याला काय बोलणार? फोन ठेवून दिला.

धनाजी आणि मी कुंडलच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो फौजेत ड्रायव्हर झाला, परतल्यावर कोयनानगरला सुनंदावहिनींबरोबर बिऱ्हाड करून घाटात प्रवासी भरून वडापची जीप चालवू लागला. माणूस थट्टेखोर, पण घाट उतरताना अगदी गप्प. मी एकदा छेडलं, तर म्हणाला, "गड्या, चढाव गाडी सोता सांगती काय दुकतंय ते. उताराव गुमान पळती. तवाच मला भ्या वाटतं." सपाट अंगणातसुद्धा तो जीपच्या चाकामागं दगड लावायचा. आम्ही हसायचो.

मग पोट बिघडलं. कळा, जुलाब, रक्त. शहरातल्या नावाजलेल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतडं पाहिलं, तुकडा तपासला, आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार ठरवला आणि स्टिरॉइड सुरू केलं. थोड्याच दिवसांत धनाजी भाकरी खाऊ लागला. घरात पेढे आले. वजन मात्र घटतच होतं, संध्याकाळी ताप यायचा. पुढच्या खेपेला मी सोबत होतो. तो म्हणाला, "सायब, पुन्यांदा एकडाव तुकडा काढून बगा की. ह्यो उतार मला बरा वाटंना." डॉक्टर हसले. "अहो, उतार पडलाय तर तक्रार कसली करता? तीच गोळी चालू ठेवा." हसू कसलं आलं होतं त्यांना, ते मला अजून कळलेलं नाही.

आतडं फुटलं तेव्हा सांगलीत ऑपरेशन झालं. कापलेल्या भागात लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सर. तिथले डॉक्टर खाली बघत म्हणाले, "स्टिरॉइडनं हाही काही दिवस दबतो." म्हणजे ज्या उताराचे आम्ही पेढे खाल्ले, तो... जाऊ दे. धनाजी त्यातून उठलाच नाही. चूक कुणाचीही होते म्हणतात. होत असेल. पण त्यानं मागितलं होतं ते फक्त परत एकदा बघणं. ते हसू मी माफ करणार नाही.

परवा त्याच्या घरी गेलो तेव्हा जीप विकली गेली होती. अंगणात नुसता दगड, येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागेल असा. मी तो उचलून कडेला ठेवू लागलो, तर सुनंदावहिनी दारातून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भावजी. कुटं भ्यायचं ते ह्यास्नी कळत हुतं. कुनी ऐकलं न्हाई."

मी दगड होता तिथंच ठेवला.