आयेच्या हातावरचा विंचू

आमच्या शेडमधले कप विकले गेले, काही फुटले, पण किस्से मात्र माझ्याकडेच साठत राहिले. दोन बायका दिवसभर समोरासमोर बसल्या की दुसरं काय होणार!

नव्वदच्या दशकात मीना आणि मी पेणला कपबश्या आणि ताटल्यांवर गोंदणाची नक्षी काढून विकायचो. मीना एरवी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. रंगवणारा हात तिचा आणि विकणारं तोंड माझं. नक्षी तिच्या आयेच्या हातांवरून उचललेली. आयेचा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेलेला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, विंचू, मासोळी, लक्ष्मीची पावलं असं सगळं गोंदलेलं. मीना मात्र लहानपणी गोंदणारीण दारात आली की माळ्यावर जाऊन लपायची.

त्यावरून आये तिला अजून ऐकवायची, "कोरी ऱ्हायलीस गो. वर गेल्यावर देवानं इचारलं, काय आनलंस, तर काय दाखवशील?"

मीना हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागायचं. आयेने आपल्या कामाला एकदा तरी बरं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

*

पहिली खेप तयार झाली. शेजारच्या काकूंना आम्ही कौतुकाने चहा दिला. काकूंनी तो बशीत ओतला, फुंकर मारली, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "तुळस कुठं गेली गो?"

तुळस चहात गेली होती! मीनाने सवयीने कारखान्यातलेच रंग वापरले होते. जन्मभर विसर्जनासाठी रंगवलेलं, रंग टिकायला हवा हे तिच्या डोक्यातच आलं नाही. काकूंचे ओठ दुपारपर्यंत हिरवे होते.

आयेने आपला स्टीलचा पेला पुढे केला. "जातं ते गोंदन नाय," एवढंच म्हणाली. मग आम्ही भट्टीत भाजून पक्के होणारे रंग मागवले.

*

नवा माल भाताच्या पेंढ्यात गुंडाळून मी एसटीने रोह्याला नेला. भांड्यांच्या दुकानातल्या शेठनी एक ताटली उचलली आणि बराच वेळ विंचवाकडे बघत राहिले. मीनाने त्याला डोळे काढले होते. लांबट, शांत, अर्धे मिटलेले. तिच्या हाताला दुसरे डोळे येतच नव्हते.

शेठ म्हणाले, "ताई, हा नांगी नाय मारायचा. हा नवसाला पावंल."

*

नागोठण्याच्या एका बाईंनी लक्ष्मीच्या पावलांच्या ताटल्या हौसेने घेतल्या. पुढे त्या बाजूला गेले तेव्हा मुद्दाम विचारायला डोकावले. सगळ्या ताटल्या देव्हाऱ्यात उभ्या, हळदकुंकू वाहिलेल्या.

"अहो, जेवायच्या आहेत त्या," मी म्हटलं.

"व्हय? मग लक्ष्मीच्या पावलांवर सुकटीचं कालवण वाढू?"

त्या दिवसापासून ताटलीत फक्त विंचू आणि मासोळी.

*

पावसाळ्याच्या तोंडावर रोह्याच्या शेठनी दुकानभर माल मागितला. अट एकच, रंग जाणार नाही याची खात्री द्यायची. मी लगेच हो म्हणणार होते. मीना म्हणाली, "आयेला ठरवू दे."

आयेने विंचवाची एक ताटली उचलली आणि मोरीवर नेली. रोज कालवणाच्या भांड्यांबरोबर राख आणि काथ्या घेऊन ती तिला घासायची. जोर असा, की मला विंचवाची दया यायची. शेठचे निरोपावर निरोप येत होते. मीना सकाळी उठली की आधी मोरीत डोकावायची आणि मग येऊन रंगवायला बसायची.

गणपती गेले. त्यानंतर एका दुपारी आये शेडमध्ये आली. ताटली पदराने कोरडी केली, उजेडात धरली, स्वतःच्या हातावरच्या विंचवाशी ताडून पाहिली. मग मीनाचा कोरा हात ओढून त्यावर ती ठेवली.

"बाकीच्या रोह्याला धाड," आये म्हणाली. "ही इकू नको गो. वर इचारलं, तर ही दाखव."