पळसाचा लाल चीक

"कान पकड," गार्ड म्हणाला.

मी पकडले. दोन्ही. रस्त्याच्या कडेला, चार घरांच्या माणसांसमोर. पस्तिशी ओलांडलेली बाई मी. हातांना पळसाचा चीक लागला होता, तो कानांनाही लागला. पळसाची फांदी मोडली की लाल चीक येतो. चिकट. धुतला तरी पटकन निघत नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी भंडाऱ्याजवळ कारखान्याच्या कॉलनीत धुणीभांडी करायची. ज्या मॅडमकडे माझं सकाळचं काम, त्यांना फाल्गुन लागला की पळस बघायला जायची हौस. त्या वर्षी चार घरांनी मिळून गाडी केली, साकोलीकडच्या जंगलात जायला. चारही घरी मीच कामाला. मॅडम म्हणाल्या, "तू पण चल. तुझ्या माहेरचाच भाग ना? फुलं बघशील."

डबे वाहायला, सतरंजी अंथरायला, ताटं धुवायला कोणीतरी हवं होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पळस मलाही बघायचा होता. लग्नानंतर डोळे भरून कधी बघितलाच नव्हता. मी ठेवणीतलं लुगडं काढलं.

गाडीत माझी जागा मागे, पिशव्यांजवळ. वाटेत थर्मासमधला चहा निघाला. सगळ्यांना कप. माझ्यासाठी घरूनच वेगळा ग्लास आणला होता, मोरीजवळ ठेवतात तो.

पळस मात्र काय फुलला होता. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुलं. मी सगळं विसरले. माझं माहेर तिथून जवळच. लहानपणी आईसोबत याच रानात टोपली घेऊन यायची. आमच्या घरची रीत अशी की होळी पेटेपर्यंत पळसाची फांदी मोडायची नाही. रंगासाठी खाली पडलेली फुलं वेचायची. झाडावरचं झाडाचं.

मॅडमनी वर बोट दाखवलं. "ती फांदी काढ. हॉलमधल्या मोठ्या फुलदाणीत छान दिसेल."

मी म्हटलं, "मॅडम, होळीच्या आधी नाही तोडत आमी. खाली पडले हायेत न, ते देऊ का वेचून?"

मॅडम हसल्या. त्यांच्या साहेबांना म्हणाल्या, "ऐकलंत? आता झाडाची परवानगी काढायची." मग आवाज बदलून मला, "काढ गं. तुला चढता येतं, आम्हाला येत नाही."

चढले. मालकिणीचा आवाज बदलला की पुढे काय असतं, ते भांडी घासणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. फांदी सरळ तुटेना. साल धरून राहिली. पिळून पिळून काढली. मॅडमनी ती छातीशी धरली आणि साहेबांनी फोटो काढला.

तेवढ्यात मोटारसायकल आली. जंगलाचा गार्ड.

"कोनं तोडली?"

फांदी मॅडमच्या हातात होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. उष्टं ताट देतात तशी, न बघता. साहेब पुढे झाले. आधी हुद्दा सांगितला. मग म्हणाले, "या बाईने तोडली. आम्ही नको म्हणत होतो. पण या लोकांना जंगल ओरबाडायची सवयच असते."

या लोकांना. म्हणजे मला, माझ्या आईला, तिच्या टोपलीला.

"हात दाखव," गार्ड म्हणाला.

दाखवले. लाल.

"गाव कोनतं?"

सांगितलं.

"इथलीच हायेस, न तुले समजत नाही?"

मी तोंड उघडलं. "साहेब, मले..." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. चारही घरांची कामं त्या नजरेत होती. गार्डालाही कळलं होतं. फुलदाणीजोगी फांदी माझ्यासारखी बाई कशाला नेईल? पण तो साहेबांचा हुद्दा ऐकून बसला होता. त्यानं त्यांना सलाम केला आणि मला कान पकडायला लावले.

कोणी हसलं नाही. हसले असते तरी बरं वाटलं असतं. ते जेवायला सावली कुठे आहे, ते शोधायला लागले. नंतर त्यांची ताटं मीच धुतली.

गार्डानं फांदीही ठेवून घेतली नाही. "आता तुटलीच हाये, राहू द्या साहेब." परतताना मॅडमनी ती माझ्या मांडीवर ठेवली. "नीट धर, फुलं गळतील."

म्हातारी आई तेव्हा माझ्याजवळच राहायची. तिनं दारातच माझे हात पाहिले.

"होळीच्या आंधी पळस तोडला का वो बाई?"

मी सगळं सांगितलं. रडले. मग ती म्हणाली, "हे तू मले काहून सांगून राहिली? जिनं तोडायले लावलं, तिले सांगितलं का?"

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. लाज मला का वाटावी, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सकाळी गेले. फुलदाणीतली फुलं गळून टेबलावर पडली होती. मॅडम म्हणाल्या, "आधी हे गोळा कर."

"मॅडम, फांदी तुमी तोडायले लावली. चारी घरांसमोर एकदा तसं म्हना."

"एवढ्याशा फांदीचं काय घेऊन बसलीस? कामाला लाग."

"मी नाही गोळा करत," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

संध्याकाळपर्यंत उरलेल्या तीन घरांची दारं बंद झाली. बाई उलट बोलते, एवढं कारण पुरलं. त्यानंतर मी लोकांच्या बांध्यांत भाताच्या रोवणीला गेले, मिळेल ते केलं. आई हे सगळं बघत गेली. परत जा, असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही.

चीक हळूहळू निघून गेला. मॅडमनी ते वाक्य कधी म्हटलं नाही. म्हणणारही नाहीत. खरं माहीत असूनही त्यांच्या लेखी, त्या गार्डाच्या लेखी, चूक माझीच. ते पुसणं माझ्या हातात नाही. फोटोत फांदी मॅडमच्या हातात आहे, मी कुठेच नाही.

पण पळस दर वर्षी फुलतो आणि दर वर्षी मी स्वतःला बजावते. दुसऱ्याच्या हौसेपायी झाडावर चढायचं नाही. आणि पुन्हा कोणी विचारलं, कोनं तोडली, तर लाल हातानंच बोट दाखवायचं. ऐकणारे ऐकोत, न ऐकोत. कान धरायचे नाहीत.