वाचलं नाही, असं मी सांगितलं

कॉलेज रोडला माझं पुस्तकांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं मी एकटीच ते चालवते. पंचवटीतले एक गुरुजी दर जूनमध्ये मुलीची क्रमिक पुस्तकं न्यायला यायचे. एका वर्षी मुलगीही सोबत आली. एम.ए.ला मराठी घेतलं होतं तिनं. काहीतरी नवं सुचवा म्हणाली, म्हणून मी तिला एक कथासंग्रह दिला.

पंधरा दिवसांनी पोलीस आले. संग्रहातल्या एका कथेत विधवेच्या देहाच्या भुकेबद्दल उघड लिहिलं होतं. ते अश्लील आहे, अशी तक्रार गुरुजींनी केली होती. लेखिका आणि प्रकाशकाबरोबर आरोपींत माझंही नाव होतं, कारण पुस्तक मी विकलं होतं. उरलेल्या चार प्रती पंचनामा करून जप्त झाल्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं पंच म्हणून सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

ठाण्यातले अधिकारी सभ्यपणे बोलले. चिठ्ठी घातलेलं पान उघडून त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"मॅडम, तुम्ही हे वाचलंय?"

ती कथा मी दोनदा वाचली होती. दुसऱ्यांदा वाचताना भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. माझ्या मनातलं दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय, असं वाटलं होतं. पण समोर चार पुरुष बसले होते.

"नाही," मी म्हणाले. "इतकी पुस्तकं येतात. सगळी कुठे वाचणार?"

गुन्हा जामीनपात्र होता. संध्याकाळी घरी आले. दुसऱ्या दिवशी वकिलांनी समजावलं, की मजकूर माहीत नव्हता म्हणून विकणारा सुटत नाही. विकलं एवढं पुरतं. म्हणजे खोटं बोलून काहीच साधलं नव्हतं. त्याच आठवड्यात लेखिकेचा फोन आला. माझ्यामुळे तुम्हाला त्रास, म्हणून ती माफी मागत राहिली. तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही.

तिसऱ्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात गुरुजी माझ्याच बाकावर येऊन बसले. 

"ताई, तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले. "तुम्ही न वाचता दिलंत, असं कळलं."

"वाचून दिलं," मी म्हणाले. "आवडलं होतं म्हणून दिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मोकळ्या कपाळाकडे. नजर खाली वळवली. मुलगी तीन महिने आपल्याशी बोललेली नाही, असं हळूच सांगून ते उठले. तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली नाही, आणि वकिलांच्या मते आता ते त्यांच्या हातातही नव्हतं.

दोन वर्षांनी आम्हा तिघांनाही दोषमुक्त केलं. एखादं पान वेगळं काढून नव्हे, पूर्ण पुस्तक पाहून ठरवायचं असतं, असं निकालात होतं. मुलीचा अबोला सुटला का, ते मला माहीत नाही. गुरुजी पुन्हा दुकानात आले नाहीत.

आता नवा गठ्ठा आला, की मी प्रत्येक पुस्तक चाळते. कुठे चिठ्ठी घालता येईल, ते शोधते. गेल्या महिन्यात एका तरुण मुलीचा कवितासंग्रह आला होता. चांगल्या कविता होत्या. मी तो परत पाठवला, आणि वितरकाला कळवलं, की आमच्याकडे कविता खपत नाहीत.