हेनिगनांच्या कपाटाचा रिकामा खण

कोल्मन हेनिगनने किलातोरा गावच्या दफनभूमीत एकोणचाळीस वर्षं कबरी खोदल्या. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, कडा सरळ, तळ सपाट. एका माणसाला पाच तास. जो तीन तासांत होते म्हणतो तो खोटं बोलतो किंवा कमी खोल खोदतो, असं त्याचं मत होतं. जुनी हाडं लागली तर फावडं बाजूला ठेवायचं, हातांनी गोळा करायची, स्वच्छ गोणपाटात बांधायची आणि नव्या शवपेटीखाली उशाला ठेवायची. हा नियम त्याने कुणाकडून शिकला नव्हता. स्वतःच केला होता, आणि दारूच्या गुत्त्यात बसला की दहा माणसांना ऐकवत असे.

निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे दुसरंच काम आलं. उन्हाळ्यात अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून माणसं यायची. पणजोबांचं नाव कागदावर लिहून आणायची आणि थडग्यांमधून हिंडायची. फादर त्यांना सरळ कोल्मनकडे पाठवायचे. कोणती कबर कुणाची, खाली कोण, वर कोण, हे त्याच्या डोक्यात होतं. डोक्यात नसेल ते चर्चच्या नोंदवहीत असायचं, आणि नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली फादरनी त्यालाच देऊन टाकली होती.

त्या जूनमध्ये शिकागोहून मिसेस व्हेलन आल्या. कोल्मन फाटकातून आत शिरला तेव्हा त्या गुडघ्यांवर बसून एका दगडाला तारेचा ब्रश घासत होत्या.

"बाई, थांबा! तो दगड आहे, कढई नव्हे."

"पण अक्षरं दिसत नाहीत हो."

"अजून दोनदा घासलंत की कायमची दिसणार नाहीत."

त्याने खिशातून दाढीचा आरसा काढला, ऊन आरशात धरलं आणि दगडावर तिरपं सोडलं. दीडशे वर्षांची अक्षरं सावली धरून वर आली. मिसेस व्हेलननी तोंडावर हात ठेवला. मग कोल्मनने त्यांना नोंदवही दाखवली.

"आमच्याकडे नाव कोण ठेवतं हा प्रश्नच नसतो. पहिला मुलगा, बापाच्या बापाचं नाव. पहिली मुलगी, आईच्या आईचं. दुसरीला बापाच्या आईचं. म्हणून ओळीत एखादं नाव नसेल तर समजायचं, तिथे एक पोर नाही."

"तुमच्या घरच्यांचं शोधलंत का कधी?"

"आमचे कुठे जाणार? सगळे इथेच आहेत."

तरी बाई गेल्यावर त्याने हेनिगनांचं पान उघडलं. आईबाप, फेस्टी हेनिगन आणि विनी, यांचं लग्न, फेब्रुवारी १९५०, उपासाचा महिना सुरू व्हायच्या आधी, जशी तेव्हा सगळ्यांची व्हायची. कोल्मन, १९५३. बहीण केट, १९५६. केट हे बापाच्या आईचं नाव. आईच्या आईचं नाव सबीना. सबीना कुठेच नव्हती. जे तो परक्यांना वीस वेळा शिकवत होता ते त्याला स्वतःच्या घरात सहासष्ट वर्षं दिसलं नव्हतं.

आई नव्वदीची होती. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पडून असायची. दार उघडं ठेवायचं, म्हणजे तिला शेगडी आणि भांड्यांचं कपाट दिसे. कोल्मनने चहा दिला, सोडा-ब्रेडचा तुकडा चहात बुडवून मऊ करून दिला आणि विचारलं.

"आई, आपल्यात सबीना का नाही?"

आईने तुकडा बशीत ठेवला. ती कपाटाकडे बघू लागली. कपाटाला खाली तीन खण होते, चिनी मातीच्या पांढऱ्या मुठी लावलेले. म्हणजे दोन होते. तिसऱ्याच्या जागी भोक होतं, आणि त्यात कोल्मनला आठवतं तेव्हापासून जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली असायची.

"होती," आई म्हणाली. "तासभर होती. फादर यायच्या आत गेली. सुईणीला पाणी शिंपडायचंही सुचलं नाही, मूर्ख बाई. बाप्तिस्मा नाही, म्हणून वहीत नाही. वहीत नाही, म्हणून दफनभूमीत नाही. तुझ्या बापाने तो खण ओढून काढला, तिला त्यात ठेवली, आणि गेला."

"कुठे?"

"ते मी तुला विचारते. तू सगळ्या जगाची माणसं शोधून देतोस. माझी दे."

"बाबांनी सांगितलं नाही?"

"मी तेव्हा अंथरुणात. पुरुषांचं काम ते. परत आला, हात धुतले, गाई बघायला गेला. नंतर विचारलं तर म्हणे, चांगल्या जागी आहे. एकोणचाळीस वर्षं एवढंच. मग स्वतःच गेला." तिने त्याचं मनगट धरलं. "मला डॉक्टर काय म्हणाला ते ठाऊक आहे. मला तिची जागा कळल्याशिवाय जायचं नाही, कोल्मन."

जागा कोणती हे कोल्मनने गृहीतच धरलं. दलदलीच्या कडेला, दोन गावांच्या हद्दीवर किलीन होतं. बाप्तिस्म्याविना गेलेली पोरं तिथे पुरायचे. नावं नाहीत, तारखा नाहीत, उशाला शेतातला एखादा धोंडा. तो महिनाभर रोज तिथे गेला. गवत कापलं, काटेरी झुडपं मुळापासून काढली, एक्याऐंशी धोंडे मोजले, प्रत्येकाचं माप कागदावर घेतलं. कामात कसूर नव्हती. पण त्या धोंड्यांवर आरशातून ऊन सोडून काय वाचणार?

रोज संध्याकाळी आई विचारायची, "मिळाली?"

"बघतोय."

"लवकर बघ. तुला पगार नाही म्हणून रेंगाळू नकोस."

ऑगस्टच्या अखेरीस तिला धाप लागायला लागली. एका सकाळी तो तिला चमच्याने लापशी भरवत होता. खाताखाता ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ती पिवळी माती काही निघेना. अंथरुणातून उठल्यावर पहिलं काम ते. विजारीचे दोन्ही गुडघे. तीनदा घासली."

कोल्मनचा चमचा थांबला.

"पिवळी? नक्की?"

"मी धुतली की तू?"

किलीनची माती काळी. पाच फूट खाली गेलं तरी काळी, बोटाला तेलासारखी लागणारी. पिवळी चिकण माती या गावात एकाच ठिकाणी होती. दफनभूमीच्या दक्षिणेच्या रांगेत, चार फुटांखाली. हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा बाप कुणाच्या तरी उघड्या कबरीत उतरला होता आणि तिथे गुडघे टेकले होते.

"आई, दिवस कोणता होता?"

"संत मार्टिनच्या सणाचा. तुझ्या बापाने आदल्या दिवशी कोंबडा कापला होता, उंबऱ्यावर रक्त शिंपडलेलं होतं. तो त्या रक्तावरून खण घेऊन गेला. लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा."

म्हणजे ११ नोव्हेंबर १९५०.

दक्षिणेच्या रांगेत सव्वीस दगड. चौदाव्यापाशी त्याने आरसा खाली केला. डिलिया लार्किन, मृत्यू ९ नोव्हेंबर १९५०. नऊ तारखेला मृत्यू, म्हणजे इथल्या रिवाजाने तिसऱ्या दिवशी, अकरा तारखेला, दफन. शेजारचेच लार्किन. कबर खोदायला घरचे कधी हात लावत नाहीत; तेव्हा पगारी खोदणारा नव्हता, शेजारी खोदायचे आणि शेजारीच बुजवायचे. फादर आणि माणसं निघून गेली की कबरीशी चौघे शेजारी उरायचे, फावडी घेऊन.

त्याच दगडावर खाली दुसरं नाव होतं. मॅट लार्किन, १९८४.

ती कबर कोल्मनने उघडली होती.

त्याला ते आठवू लागलं. त्या दिवशी दोन अंत्यविधी होते. दुपारी हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या खेळाचा, सामना, आणि भिंतीवर त्याने रेडिओ लावून ठेवला होता. पाच फुटांखाली काळ्या पडलेल्या, कुजलेल्या पातळ फळ्या लागल्या आणि एक पांढरी गोल मूठ. कपाटाच्या खणाची. कुणीतरी घरातला कचरा कबरीत टाकलाय असं वाटून तो चिडला होता. तो खाली वाकला नाही. फावडं तिरपं घातलं, सगळं एका झटक्यात उचललं आणि वर ढिगावर फेकलं. संध्याकाळी ढीग परत लोटला. एकोणचाळीस वर्षांत नियम मोडला तो एकदाच.

तो दगडाला टेकून जमिनीवर बसला. 

मग तो मॅटच्या मुलाकडे गेला. बार्टली लार्किन, एकोणऐंशी वर्षांचा, दारात बटाटे सोलत होता.

"काय रे, अमेरिकन संपले, आता आमच्या मागे लागलास?"

"बार्टली, डिलियाच्या पेटीवर काय आहे?"

बार्टलीने चाकू खाली ठेवला. "तुला आत्ता कळतंय? मला वाटलं, बापाच्या वेळी खोदलंस तेव्हाच कळलं असेल. तू काही बोलला नाहीस, मीही बोललो नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"बापाने, जाताना. कबर बुजवणाऱ्या चौघांनाही ठाऊक होतं. डिलियाआत्याला मूल नव्हतं. माझा बाप कबरीशी मागे थांबला होता, तोच फेस्टीला म्हणाला, ठेव तिच्या छातीवर, तिलाही सोबत. पाचही जणांनी शपथ घेतली."

"आणि आईला का नाही सांगितलं?"

"विनीला? ती दर शनिवारी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला जायची. तिने फादरना सांगितलं असतं, आणि फादरनी पोर वर काढायला लावली असती. फेस्टीला तेवढीच भीती."

 सामना, रेडिओ, फावडं, सगळं कोल्मनने बार्टलीला सांगितलं. एक शब्द वगळला नाही. बार्टलीने ऐकून घेतलं.

"मग ती आता माझ्या बापाच्या वर आहे."

"मातीत. विखुरलेली. असेल काही उरलं तर."

"हं," बार्टली म्हणाला, आणि पुन्हा बटाटा उचलला.

कोल्मनने घरी येऊन खुर्ची आईच्या पलंगाशी ओढली. तेव्हाचं सगळं नीट, क्रमाने सांगितलं. माती, सण, दगड, चौघे शेजारी. आई डोळे मिटून ऐकत होती.

"डिलिया," ती म्हणाली. "हात फार थंड असायचे तिचे. पण लोणी चांगलं काढायची." मग म्हणाली, "फेस्टीचं बरोबर होतं. मी सांगितलं असतं फादरना. पुढच्याच शनिवारी." तिच्या कानाकडे पाणी ओघळत गेलं. ते तिने पुसलं नाही.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"मॅट गेला तेव्हा ती कबर तूच उघडलीस ना?"

"हो."

"मग तुझ्या हाती लागली असेल ती."

"खणाची मूठ लागली. आणि फळ्या. मला तेव्हा माहीत नव्हतं, आई."

"माहीत नसू दे. हातांनी उचललीस ना? तुझ्या नियमाप्रमाणे?"

कोल्मनने आयुष्यात कामाबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. कबर चार इंच कमी खोल झाली तर तीही तो सांगून टाकत असे.

"हातांनी," तो म्हणाला. "गोणपाटात बांधली. उशाला ठेवली."

"मग झालं तर," आई म्हणाली. "भावाने केलं सगळं." आणि तिने त्याच्या हातावर थोपटलं, आधी उजव्या, मग डाव्या.

ती ऑक्टोबरमध्ये गेली. कोल्मन घरचा, म्हणून शेजाऱ्यांनी कबर खोदली. कोल्मन फाटकापाशी उभा राहिला, जवळ गेला नाही. एक कड तिरकी झाली होती ते त्याला तिथूनही दिसलं. 

आता किलातोरात कबरी छोट्या यंत्राने खोदतात. चाळीस मिनिटं लागतात. यंत्रवाल्याला कोल्मनने सांगून ठेवलंय की चौदाव्या दगडाशी यंत्र आणायचं नाही. ती कबर आता एकदाच उघडायची आहे, बार्टलीसाठी, आणि ती कोल्मन खोदणार. फावडं फक्त वरच्या दोन फुटांपुरतं. पुढे खुरपं, चाळणी, हात. दोन दिवस लागतील असा त्याचा हिशोब आहे. गोणपाट धुऊन, वाळवून, जुनी वर्तमानपत्रं काढून कपाटाच्या तिसऱ्या खणाच्या रिकाम्या जागेत ठेवलंय.

"सत्तरीच्या घरात आलास," बार्टली त्याला म्हणतो. "गुडघे धरतील का तुझे?"

"तुझ्यावर आहे ते."

"म्हणजे मी लवकर मरू?"

"तसं नाही म्हणालो."

"म्हणालास की. चहा ठेव."

या हिवाळ्यात बार्टलीच्या छातीत कफ झाला. कोल्मन रोज सकाळी त्याच्याकडे जातो, शेगडी पेटवतो, सूप गरम करून देतो, तो शेवटपर्यंत पितोय का ते बघतो. खोकला वाढला की डॉक्टरला बोलावतो. घरी परतताना वाटेत दफनभूमी लागते. तिथे तो, खुरपं अजून धरवेल का म्हणून, मुठी दोनदा उघडमीट करून बघतो. डाव्या हाताची करंगळी आता पूर्ण मिटत नाही.