अक्काच्या मुलीचा ताबा

माझी थोरली बहीण रहाटणीला दिली होती. आम्ही तिला अक्का म्हणायचो. एका भर दुपारी ती मळ्यातल्या विहिरीत गेली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले, पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. माणसं धावली तेव्हा तिची चार वर्षांची मुलगी काठावर बसली होती. रडत नव्हती. कुणी काही विचारलं तर बोलतही नव्हती.

दिवसकार्य झालं आणि मी मुलीला चिंचवडला माझ्या घरी आणलं. माझं लग्न नवीनच झालेलं. नवरा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागला होता. "राहू दे तिला," एवढंच ते म्हणाले.

पुष्कळ दिवस ती मुकीच होती. मग एकदा दुपारी अंगणात खेळता खेळता थांबली, मान वर केली आणि म्हणाली, "आले गं!" हाकेला ओ द्यावी तशी. अंगणात आम्ही दोघीच होतो आणि हाक मी मारली नव्हती.

"कुणाला म्हणतेस?"

"आईला. बोलवतीय."

पुढे हे वरचेवर होऊ लागलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, अंगारा लाव. मी लावला. माझ्या नवऱ्याने तिला रोज संध्याकाळी नदीवर फिरायला नेलं. फरक पडला नाही. खरं सांगायचं तर मलाही दुपारी हातातलं काम थांबवून कान द्यायची सवय लागली. मला कधी काही ऐकू आलं नाही.

अक्काच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या दाजींनी, दुसरं लग्न केलं. संसार पुन्हा लागला आणि ते मुलीला न्यायला आले. तिने माझ्या पदराची अशी मूठ आवळली की तो टरकला. दाजी हात न लावताच परत गेले. पण त्यांच्या घरचे गप्प बसले नाहीत. घरची पोर परक्या दारी का वाढावी, असं त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत कोर्टाची नोटीस आली.

आम्ही पुण्याला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "मुलगी अज्ञान आहे." मला रागच आला. तिला सगळं कळतं, मी म्हटलं. ते हसले. अठरा वर्षं पुरी न झालेल्याला कायद्यात अज्ञान म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

"कायद्यानं बाप हाच पहिला पालक," ते म्हणाले. "मावशीचा हक्क असा काही नाही. कोर्ट मुलीचं हित बघतं, तेवढीच आपल्याला वाट आहे. बाप दारू पितो?"

"नाही."

"मारतो?"

"नाही हो. चांगला माणूस आहे."

"वाईट असता तर सोपं झालं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या बहिणीला तिथं जाच होता का? तिनं जीव दिला, असं म्हणता आलं तर आपली बाजू उभी राहते."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला होता! अक्का माहेरी यायची ती हसत यायची. पण शेवटच्या खेपेला सांगवीहून, आमच्या माहेराहून, निघताना ती दारातून दोनदा परत फिरली होती. काय राहिलं, विचारलं, तर म्हणाली, काही नाही.

"मी पाहिलेलं नाही," मी वकिलांना सांगितलं. "जे पाहिलं नाही ते म्हणणार नाही."

तारखेला न्यायाधीशांनी मुलीला आपल्या खोलीत बोलावलं. ती मला सोडेना, म्हणून मलाही आत घेतलं आणि दाजींनाही. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी तिला जवळच्या खुर्चीवर बसवलं.

"बाळ, तुला कुणाकडे राहायचंय?"

"मावशीकडं."

"वडिलांकडे का नको?"

"तिथं आई लई जवळनं हाक मारती," ती म्हणाली. "हितं लांबनं येती. हितं मी न्हाई गेले तरी चालतंय."

न्यायाधीशांच्या हातातला टाक तसाच राहिला. दाजी उठले. डोक्यावरची टोपी काढून ते तिच्यापुढे खाली बसले.

"माझं नाव घेती का गं कवा?"

तिने थोडा विचार केला. मग मान हलवली. "न्हाई. फकस्त माझं."

दाजींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "साहेब, ऱ्हाऊ द्या तिला हितंच. मला न्हाई न्यायची."

बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "मी रोज जाऊन बसतो त्या हिरीवर. शिव्या घाल म्हन्तो, काय बी बोल म्हन्तो. मला काय बी ऐकू येत न्हाई." अक्काचं काय झालं, हे त्यांना ठाऊक होतं की माझ्यासारखेच तेही अंधारात होते, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

दाजींच्या संमतीने हुकूम झाला. ताबा माझ्याकडे, वडिलांनी वाटेल तेव्हा येऊन भेटावं. ते सणावारी येत, हरभऱ्याचे डहाळे आणत, ओट्यावर बसत. मुलगी शाळेत जायला लागली आणि दुपारचं ते ओ देणं हळूहळू थांबलं. शेवटचं कधी झालं ते आम्हाला कळलंही नाही.

एका संक्रांतीला दाजींबरोबर त्यांची दुसरी बायको आली. माझ्याहून लहान, लाजरीबुजरी. तिने मुलीसाठी तिळगूळ आणि बांगड्या आणल्या होत्या. मी चहा टाकून बाहेर आले तर मुलगी तिच्यापुढे पाठ करून बसली होती आणि ती तिची वेणी घालत होती. मुलगी मान कलती करून, डोळे मिटून, अगदी सैलावून बसली होती. माझ्यापुढे ती तशी कधी बसली नव्हती.

मेलेल्या अक्काची मला इतक्या वर्षांत भीती वाटली नव्हती. त्या दिवशी मी आत येऊन चुलीपुढे बसले आणि चहा उतू गेला तरी उतरवला नाही. हुकूम ट्रंकेत सुखरूप होता, आणि मी पदराचं टोक हातात घट्ट धरून बसले होते.