एका माणसाचं मीठ

माझं लहानपण साठ जणींच्या वरणात गेलं. अमरावतीच्या एका अनाथ मुलींच्या आश्रमात मी वाढले, आणि अकराव्या वर्षापासून वरणाला मीठ घालायचं काम माझ्याकडे होतं. पाच मुठी. माझ्या मुठीच्या, दुसऱ्या कोणाच्या नाही. मी तापानं पडले की वरण अळणी व्हायचं, आणि त्याचा मला आतून फार आनंद व्हायचा.

आमच्याकडे प्रत्येकीला एकच काम. ते एकदा चिकटलं की आश्रम सुटेपर्यंत सुटायचं नाही. एक चूल पेटवणारी, एक नुसती भाजी चिरणारी, एक ताक घुसळणारी. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अधीक्षक, पुण्याकडच्या. शिस्त म्हणजे त्यांचं दुसरं नऊवारी लुगडं. कामं वाटून दिली म्हणून घड्याळाच्या काट्यावर साठ पानं वाढून व्हायची. सगळं घंटेवर. उठायची घंटा, जेवायची घंटा. भूक आधी लागली तर ती चूक भुकेची.

पोरगी अठरा वर्षांची झाली की आश्रमाचं कर्तव्य संपलं, असा नियम होता. एक ट्रंक, दोन लुगडी, एक तांब्या आणि ओटीत नारळ. कोणाचं लग्न लावून देत, कोणाला नोकरी लावून देत. मोठ्या बाई फाटकापर्यंत पोचवायला यायच्या आणि म्हणायच्या, "आता स्वतःच्या पायावर उभी राहा." पाय होते खरे. पण उभं कुठे राहायचं ते कोणी सांगत नसे.

माझ्या शेजारी निजणारी ताई अशीच गेली. ती माझी सख्खी नव्हे. पण मी चार वर्षांची आले तेव्हापासून माझ्या वेण्या तिनंच घातल्या, म्हणून ताई. तिचं काम भाकरी थापण्याचं. डोळे मिटून चाळीस भाकरी थापेल, सगळ्या चंद्रासारख्या. तिला अकोल्याजवळ बार्शीटाकळीला मास्तरणीची नोकरी लागली आणि राहायला एक भाड्याची खोली. आम्ही सगळ्या जळलो. स्वतःची खोली! आत गेलं की दार लावून घ्यायचं!

पंधरा दिवसांनी एका शनिवारी ताई परत आली, निम्मी होऊन. मोटारी बदलत आली होती. चिंचेखाली बसून ती सांगत होती आणि आम्ही हसून हसून लोळत होतो. म्हणे, पहिले दोन दिवस ती जेवलीच नाही, घंटेची वाट बघत बसली. तिसऱ्या दिवशी घरमालकीण दारात आली. "काहून व बाई, तुले उपास हाय का?" मग चूल पेटवायला गेली, तर काड्यांची अर्धी पेटी संपली आणि नुसता धूर. भाकरी झकास झाली, पण वरण? ते माझं खातं. तिनं हिशेब केला, साठ जणींना पाच मुठी, तर एकीला निदान एक मूठ तरी हवीच. ते वरण तिनं घरमालकिणीच्या गाईपुढे ठेवलं. गाईनंसुद्धा तोंड फिरवलं.

मी पोट धरून हसत होते. तेवढ्यात ताईनं माझा हात धरला.

"तू मीठवाली हायस ना? सांग मले. एका माणसाले मीठ किती?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मीठ घालत होते आणि एका माणसाचं मीठ मला येत नव्हतं. हसू जे आटलं ते आटलंच.

सहाची घंटा झाली. आश्रमातून बाहेर पडलेल्या मुलीनं सहानंतर आत थांबायचं नाही, हाही नियमच. ताईनं लुगडं झटकलं, आम्हाला हात केला आणि गेली. पुढे तिच्या पत्रातून कळलं की ती रात्र तिनं मोटारस्टँडवर बसून काढली. अमरावतीत दुसरं कोण होतं तिचं? ते पत्र वाचून मी इतकी चिडले की हातातला तांब्या भिंतीवर आपटला. त्याला पोचा आला. मोठ्या बाईंनी ठरवलं की माझ्या ट्रंकेबरोबर तोच तांब्या द्यायचा, आणि दिलाही.

पुढच्या वर्षी बाहेर पडायची माझी पाळी होती. मी आणखी चौघीजणींना गोळा केलं आणि आम्ही आश्रमाच्या कमिटीला अर्ज लिहिला. शेवटच्या वर्षी मुलीला एकटीपुरता सगळा स्वयंपाक करायला वेगळी चूल द्यावी. आठवड्यातून एकदा बाजारात न्यावं. आणि बाहेर गेलेल्या मुलीला सणासुदीला रात्री राहू द्यावं. खाली साठ जणींच्या सह्या. धाकट्यांनी अंगठे उठवले आणि उरलेली शाई एकमेकींच्या नाकाला लावली. कमिटीत पाच पुरुष, त्यात एक डॉक्टर, एक हेडमास्तर आणि अध्यक्ष एक वकीलसाहेब. त्यांनी अर्जावर झोकात लिहिलं, "नोंद घेतली." नोंद घेतली म्हणजे काय, ते फडताळात गेलेल्या कागदालाच ठाऊक.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी कमिटीची बैठक व्हायची आणि मग पाचही जण आमच्या हातचं जेवायचे. ती जुनी रीत. आम्ही ठरवलं, यंदा जेवण साठ जणींच्या गंजातलं, त्या मोठ्या पातेल्यातलं नाही. पाच जणींनी पाच चुली मांडायच्या. एकीनं एकाच साहेबांचं सगळं, चुलीपासून मिठापर्यंत, आपल्या हातानं करायचं. मुद्दाम काही बिघडवायचं नाही, अशी शपथ घेतली होती. शपथेची गरजच पडली नाही.

सकाळी मोठ्या बाई स्वयंपाकघरात डोकावल्या. पाच चुली पाहिल्या, पाच छोटे गंज पाहिले. मी मनात म्हटलं, मेले. त्यांनी पदर खोचला आणि त्या देवघराकडे निघून गेल्या. इतका वेळ देव त्यांनी कधी पुजले नव्हते.

पानं वाढली. डॉक्टरसाहेबांच्या ताटात भाकरीऐवजी जळका पापड आला. हेडमास्तरांच्या वाटीत ताकवालीनं केलेली भाजी होती, भाजी चिरायची असते हेच तिला माहीत नव्हतं. अख्खं वांगं देठासकट. एका साहेबांचा भात कच्चा होता, दुसऱ्यांपुढे सात माणसांचा होता. वकीलसाहेबांचं ताट माझं. त्यांनी वरणाचा पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. तांब्याभर पाणी एका दमात प्याले.

"हे कोणी केलं?"

"मी केलं जी."

"अगं, इतकी वर्षं तुझ्या हातचं वरण खातोय. आजच काय झालं?"

मला भीती वाटत होती. पण रागाचं एक बरं असतं, तो भीतीला विचारत नाही. "साहेब, साठ जणीचं मीठ मले येते. एकाचं येत नाही. पुढच्या साली तुमी मले बाहेर धाडसान, तवा एकाचंच लागन. तुमीच सांगा, एका माणसाले मीठ किती?"

वकीलसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी हेडमास्तरांकडे. हेडमास्तर वांग्याकडे पाहत होते. पाच शिकलेले पुरुष, पण कोणालाच येईना. शेवटी वकीलसाहेब जरा हसले आणि म्हणाले, "हा काय प्रश्न झाला? मी घरी विचारून सांगतो."

"आमीबी घरीच इचारून राहिलो जी," मी म्हणाले.

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि मग मलाच रडू आलं. वकीलसाहेबांनी वाटीत पाणी ओतलं, वरण कालवलं आणि ते सगळं संपवलं. त्या दिवसापासून तो माणूस मला आवडायला लागला.

चूल मिळाली. सरपणाच्या खोलीशेजारची एक पडवी आम्हाला दिली. बाजारही मिळाला. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि सगळा बाजारच गोंधळलेला होता, त्यामुळे आमचा अडाणीपणा त्यात खपून गेला. पण रात्री राहण्याला मात्र कमिटी अडली. "ही काय धर्मशाळा आहे? एकीला ठेवलं तर सगळ्या येतील." मी दाराआडून ऐकत होते. सगळ्या येतील, हीच तर आमची मागणी होती!

तेव्हा मोठ्या बाई बोलल्या, अगदी साध्या आवाजात. "मग परीक्षा कोण घेणार?"

"कसली परीक्षा?"

"एकटीच्या स्वयंपाकाची. शिकवायचं तर परीक्षा हवी. आणि एकटीनं राहून दाखवलेलीच परीक्षक हवी. परीक्षक बाहेरगावचा असला की त्याच्या मुक्कामाची सोय करावी लागते, हे हेडमास्तरसाहेब सांगतीलच."

हेडमास्तरांनी मान हलवली. काय करतील? नियमच तसा होता. दिवाळीच्या सुट्टीत परीक्षकाला एक रात्र, असं ठरलं.

त्या दिवाळीला पहिली परीक्षक आली ताई. परीक्षा माझी. मी एकटीपुरती चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, वाटीभर वरण केलं आणि मीठ घातलं दोन चिमट्या. उन्हाळाभर त्याच दोन चिमट्यांसाठी झटले होते. ताई ऐटीत पाटावर बसली, वरण चाखलं, डोळे मिटले.

"नापास," ती म्हणाली. "मीठ कमी हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कमी? काहून कमी? पुन्हा चाखून पाय!"

"येडे," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "नापास झालीस तर भाऊबीजेच्या दिवशी फेरपरीक्षा घ्यावी लागते ना व."

मागे पाहिलं, तर मोठ्या बाई उभ्या. सगळं ऐकलेलं. त्या खाली बसल्या, पळीभर वरण हातावर घेतलं आणि सावकाश चाखलं.

"मीठ अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग परीक्षेची वही ओढून घेतली आणि माझ्या नावापुढे स्वतःच्या हातानं लिहिलं, नापास.